जशी गटाची वही, तशी अभ्यासाची वही



कुणाचा हप्ता थकला, कुणाची बचत किती झाली, हे तुम्ही वही न उघडता सांगता. आता मी एक विचारते. तुमच्या सहावी-सातवीतल्या मुलीला शेवटच्या चाचणीत गणितात किती मार्क पडले?

बैठकीत मी हे विचारलं की बऱ्याच ताई एकमेकींकडे बघतात. यात तुमचा दोष नाही. प्रगतिपुस्तक घरी येतं, आपण सही नाहीतर अंगठा करतो आणि परत पाठवतो. माझी आईही तसंच करायची. मी सातवीत गणितात मागे पडले, ते तिला कळलं आठवीच्या निकालात.

आत्ताच लक्ष का द्यायचं?

आपल्या राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालं तर पुन्हा एक संधी मिळते. तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहतं. आणि आठवीत मागे राहिलेल्या मुलीची शाळा कशी सुटते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट फायद्याची. जिल्हा परिषद, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. पण परीक्षेला बसायला सातवीत 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. म्हणजे तयारी सातवीतच करायची.

वही कशी करायची?

एक साधी वही घ्या. प्रत्येक विषयाला एक पान द्या. पानावर चार रकाने पाडा: तारीख, कोणता धडा, किती पैकी किती, काय चुकलं. वही मुलानंच लिहायची. तुम्हाला वाचता येत नसेल तर त्याला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. गणित तुम्हाला यायलाच पाहिजे असं नाही, विचारता आलं पाहिजे.

एक लक्षात ठेवा. 20 पैकी 12 आणि 10 पैकी 7 यात 12 मोठे दिसतात. पण शंभरावर काढले तर पहिले 60 होतात आणि दुसरे 70. म्हणून नुसते मार्क नाही, किती पैकी ते विचारा.

आठवड्याचं एकच काम

रविवारी किंवा गटाच्या बैठकीच्या दिवशी पंधरा मिनिटं मुलासोबत बसा. पुढच्या आठवड्यात काय करायचं, ते त्यालाच ठरवू द्या. फक्त ते मोजता आलं पाहिजे. “गणित सुधारणार” हे मोजता येत नाही. “बुधवारपर्यंत अपूर्णांकांच्या बेरजेची दहा उदाहरणं सोडवणार” हे मोजता येतं. आपणही “खूप बचत करू” असं म्हणत नाही, आठवड्याला किती ते ठरवतो.

काम झालं की बरोबरची खूण करायची. नाही झालं तर ओरडू नका. गटात हप्ता चुकला की आपण आधी “काय अडचण आली?” असं विचारतो, तसंच इथे विचारा. काम मोठं वाटलं तर दहाऐवजी पाच उदाहरणं ठेवा. आणि दोन भावंडांच्या वह्या शेजारी ठेवून तुलना करू नका.

सातवीच्या गणितात सरळव्याज येतं. तेव्हा गटाची वही पोरांपुढे ठेवा. 5,000 रुपये कर्जावर महिन्याला शेकडा 2 दरानं व्याज 100 रुपये होतं, ते त्यांना काढू द्या. पुस्तकातला दर वर्षाचा असतो आणि आपला महिन्याचा, हा फरकही तुम्हीच समजावून सांगा.

वही काय दाखवते?

आमच्या एका गटातल्या ताईंनी मुलीची अशी वही केली. जुलै-ऑगस्टला मार्क चांगले होते, दिवाळीनंतर एकदम उतरले. ताई आधी चिडल्या. मग तारखा बघितल्या, तर कापूस वेचणीचे दिवस होते. ताई रानात जायच्या आणि धाकट्याला सांभाळायला मुलगी घरी थांबायची. ताई बैठकीत म्हणाल्या, “पोरीचे मार्क नाही घटले, तिचे शाळेचे दिवस घटले.”

मग गटातल्या तिघींनी पाळी लावली. अंगणवाडी सुटल्यावर लहान पोरांना एकीनं सांभाळायचं, बाकीच्यांनी वेचणीला जायचं. मुलगी शाळेत जाऊ लागली. मार्क लगेच वर आले नाहीत, पण पुढच्या चाचणीपासून उतरायचे थांबले.

पालकसभेला जाताना ही वही सोबत न्या. सरांना किंवा मॅडमना दोनच प्रश्न विचारा: “हिचं नेमकं कुठे अडतंय?” आणि “या आठवड्यात घरी काय करून घेऊ?” वही पाहिली की सर नुसतं “लक्ष द्या” म्हणून थांबत नाहीत, धडा उघडून दाखवतात.

पुढच्या बैठकीला येताना मुलाचं शेवटच्या चाचणीचं पान घेऊन या. पहिले रकाने आपण तिथेच मिळून पाडू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक