पीठ नव्हे, प्रवाह!

ट्यूबलाइटविषयी इंग्रजीत उत्तर लिहिताना 'फ्लुओरेस' या क्रियापदापाशी पुष्कळांची लेखणी चुकते. एफ, एल यांच्यानंतर यू आणि मग ओ हवा. ते आधी ओ लिहितात. दोन अक्षरांची अदलाबदल ती काय! पण एफ, एल, ओ, यू, आर म्हणजे इंग्रजीत पीठ. ट्यूबच्या आतून पांढरी भुकटी असते खरी, पण ते पीठ नव्हे!

मग हा शब्द आला कोठून? लॅटिन भाषेत 'फ्लुएरे' म्हणजे वाहणे. धातू गाळताना मळी पातळ होऊन वाहावी म्हणून भट्टीत एक खनिज टाकीत. ते फ्लुओरस्पार, म्हणजेच कॅल्शियम फ्लुओराइड. या खनिजाचे काही नमुने जंबुपार (अतिनील) किरणांत निळसर प्रकाश देतात. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली या खनिजावरूनच अशा प्रकाशाला 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले. क्रियापद त्यावरून आले.

आता अर्थ पाहू. फ्लुओरेस होणे म्हणजे नुसते चकाकणे नव्हे. आरसा चकाकतो, पण तो पडलेला प्रकाशच परत पाठवतो. फ्लुओरेस होणारा पदार्थ प्रकाश शोषून घेतो आणि सामान्यतः अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो. ट्यूबमधील पाऱ्याची वाफ मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अदृश्य किरण देते. भुकटी त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करते. आजच्या बहुतेक पांढऱ्या एलईडी दिव्यांतही निळा प्रकाश शोषून पिवळा देणारा थर असतो. मूळ प्रकाश थांबताच फ्लुओरेसन्सही जवळजवळ तत्काळ थांबतो. दिवा मालवल्यावरही अंधारात बराच वेळ उजळणारे खेळणे फ्लुओरेस होत नाही, ते 'फॉस्फोरेस' होते. उत्तरात हा फरक चुकला, तर शुद्ध स्पेलिंगही उपयोगाचे नाही.

येथे कानावर विसंबू नका. यू आणि ओ यांचा क्रम उच्चारावरून कळत नाही. वाहणारा 'फ्लुइड' आठवा. त्यात एफ, एल, यू आहे. तोच क्रम फ्लुओरीन, फ्लुओराइड आणि फ्लुओरेस यांत. शेवटी एस, सी, ई लिहा. त्यातला सी गाळू नका.

शब्दाचे मूळ कळले, की स्पेलिंग घोकावे लागत नाही.