कुंडीतली माती: आयती की घरची?

जालन्यात गच्चीवर कुंड्या मांडायचं ठरलं की घरातलं प्रत्येक माणूस मातीतलं जाणकार होतं. सासरे म्हणतात, शेतात काळीभोर जमीन असताना माती विकत आणणार? लोक हसतील. मुलगी मोबाइलवर कोकोपीट-परलाइट घातलेल्या रंगीत पिशव्या दाखवते. नर्सरीवाला काही न बोलता तांबड्या मातीचं पोतं पुढे सरकवतो. हे तिन्ही मी वापरलं आहे आणि तिन्हीत रोपं घालवली आहेत. खाली लिहिते ते आपल्या जिल्ह्यातलं ऊन आणि आपल्या बोअरचं पाणी धरून. पुण्याच्या किंवा रत्नागिरीच्या बाल्कनीचा हिशेब वेगळा.

आधी काळ्या मातीबद्दल, कारण ती फुकट मिळते आणि तिच्याबद्दल बोललेलं कुणाला खपत नाही. शेतात ती उत्तमच. कापूस, तूर, सोयाबीन तिच्याच जिवावर उभं राहतं. पण तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. शेतात यामुळे भेगा पडतात, मुळं खोल उतरतात, पीक तगून जातं. कुंडीत उतरायला जागाच नाही. मार्च-एप्रिलात मातीचा गोळा आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतो आणि मध्ये बोटभर फट पडते. आपण तांब्याभर पाणी घालतो, ते त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं, कुंडी भिजली. आतला गाभा कोरडा ठणठणीत. जुलैच्या झडीत याच्या उलट: सगळा चिखल, हवेला वाव नाही, मुळं कुजतात. मग लोक कुंडीच्या तळाशी खडीचा थर देतात. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीत सहजासहजी उतरत नाही, थराच्या वरच अडून राहतं. भोकावर खापराचा एक तुकडा ठेवावा, तो माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता.

वजनाचंही बघा. वीस लिटरची काळ्या मातीची कुंडी पावसात भिजली की तीस-पस्तीस किलोंवर जाते. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलोंचा भार धरतात. म्हणजे चार अशा कुंड्या एका चौरस मीटरवर मांडल्या की तेवढ्यातच हिशेब संपला, माणसं अजून उभी राहायची आहेत. जुन्या, गळणाऱ्या स्लॅबवर हा खेळ करू नका.

तलावातला गाळ तर त्याहून फसवा. घाणेवाडीच्या तलावातला गाळ जालनेकरांनी लोकसहभागातून उपसला, पुढे २०१७ साली राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि हलक्या रानांत गाळ पडून ती सुधारली. ते बघून गच्चीवरही गाळाची पोती चढू लागली. पण गाळ म्हणजे मातीतला सगळ्यात बारीक भाग. कुंडीत तो दोन पावसांत विटेसारखा बसतो. मुरमाड रानात ज्या गुणासाठी तो टाकतात, तोच गुण कुंडीत मुळांचा श्वास कोंडतो.

मग आयती पिशवी घ्यावी का? घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून. माझ्याकडे आलेल्या एका पिशवीवर ‘ऑरगॅनिक’ हा शब्द टपोऱ्या अक्षरांत होता आणि आत काय किती आहे ते कुठेच नव्हतं. मिरचीची रोपं त्यात लावली. आठवडाभर बरी दिसली, मग वाढ खुंटली आणि पानांच्या कडा करपल्या. टोमॅटोला फळं आली, पण फळाचं बूड काळं पडत गेलं. मी रोग समजून फवारत बसले. दोष कोकोपीटमध्ये होता. नारळाचा काथ्या अनेक ठिकाणी खाऱ्या पाण्यात भिजवतात, त्यामुळे नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड भरपूर उरतं. शिवाय असं कोकोपीट कॅल्शियम आपल्याकडे ओढून धरतं आणि टोमॅटोच्या फळाला ते कमी पडतं. त्यात पाणी एक दिवस भरपूर, दोन दिवस नाही, असं झालं की बूड हमखास काळं.

म्हणून विटेच्या आकाराचं कोकोपीट असो की तयार मिश्रण, आधी थोडं तपासा. मूठभर मिश्रण पेलाभर पाण्यात ढवळून तासभर ठेवा, गाळा आणि त्यात टीडीएस मीटर बुडवा. पिण्याचं पाणी तपासायला अनेक घरांत तो असतोच. नुसत्या पाण्याचा आकडा आणि या पाण्याचा आकडा यांत मोठी तफावत दिसली तर कोकोपीट बादलीत भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून घ्या. इथे आपल्या जड पाण्याचा एक फायदा होतो. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतंच, ते धुता धुता थोडं सोडियम हुसकावून लावतं. पाच किलोचा ठोकळा भिजून सत्तर लिटरच्या आसपास होतो, तेव्हा किलोचा भाव विचारू नका, लिटरचा काढा.

दुसरी तपासणी मेथीची. एका वाटीत विकतचं मिश्रण, दुसरीत आपली नेहमीची, खात्रीची माती. दोन्हींत मोजून तेवढेच मेथीदाणे टाका. चार-पाच दिवसांत कुठे कमी उगवले, कुठे कोंब पिवळट निघाले, ते दिसतं. मिरचीची रोपं वाया घालवण्यापेक्षा मेथी स्वस्त. गांडूळखत घेताना मात्र पिशवीवरचा मजकूर वाचा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात ओलावा १५ ते २५ टक्के आणि सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के असायला हवा. मुठीत दाबल्यावर पाणी टपकणारं खत किलोवर घेणं म्हणजे पाणी विकत घेणं.

आता घरची बाजू. तिच्यातही सगळं गोड नाही. नात्यातल्या एका गोठ्यातून आलेलं शेणखत वरून काळं, भुसभुशीत दिसत होतं, आत अजून गरम होतं. वांग्याची रोपं त्यात लावली आणि ती दुपारी माना टाकू लागली. उपटून बघितलं तर मुळांपाशी इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या. शेतकऱ्याला सांगायला नको, ती हुमणी. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबरच ती येते. अळी जमिनीवर सोडली आणि ती पाठीवर उताणी होऊन सरकू लागली, तर ती कुजकं खाणारी निरुपद्रवी जात असते. पण कुंडीपुरतं हे ज्ञान बाजूला ठेवून सगळ्याच वेचून काढलेल्या बऱ्या. शेणखत चाळणीतून काढल्याशिवाय गच्चीवर चढवायचं नाही, हा आमच्या घरात आता नियम आहे.

कंपोस्ट घरी करायचं तर आपल्याकडे सामानाला तोटा नाही. सोयाबीनचं भुस्कट, तुरीचा पाला, उसाचं पाचट, बारीक केलेल्या पऱ्हाट्या, फुलावर येण्याआधी उपटलेलं गाजरगवत, स्वयंपाकघरातला ओला कचरा. पुसदच्या नाडेप काकांची पद्धत महाराष्ट्रभर पोचली ती अशाच साहित्यावर. त्यांचं जाळीदार विटांचं टाकं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. गच्चीसाठी त्याची नक्कल नको, भोकं पाडलेला ड्रम पुरे. अंदाजे तीन भाग कोरडं, एक भाग ओलं, मध्ये मध्ये थोडं शेण आणि मूठभर माती. मुठीत दाबलं की एखाद-दुसरा थेंब यावा, एवढाच ओलावा.

इथे जालन्याचं वेळापत्रक आडवं येतं, आणि मला वाटतं आयतं की घरचं या प्रश्नाचं खरं उत्तर या वेळापत्रकातच आहे. खत मुरायला तीन ते चार महिने लागतात. मार्चनंतर ड्रम भरला तर तो कुजण्याआधी वाळतो. पारा चाळिशी ओलांडतो, ड्रमवर ओतायला पाणी नसतं, आतलं जिवाणूंचं काम थंडावतं. जूनमध्ये उघडलं तर पाचट जसंच्या तसं. दसरा-दिवाळीच्या सुमारास, रानातला पाला हाती असताना ड्रम भरला तर उन्हाळ्याच्या तोंडाशी खत तयार होतं आणि मृगापर्यंत ते आणखी मुरतं. तेव्हा ज्याला याच आठवड्यात रोप लावायचं आहे, त्याने घरच्या मातीचा आग्रह धरू नये. अर्धकच्च्या कंपोस्टपेक्षा धुतलेलं कोकोपीट आणि चांगलं गांडूळखत कधीही बरं. खत झालं की नाही, हे बघायला ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर अजून वेळ आहे. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला की झालं.

मी आता जे करते ते दोन्हींच्या मधलं आहे. मुळांना धरून ठेवणारा भाग विकत आणते, मुळांना पोसणारा भाग घरी करते. दोन घमेली धुतलेलं कोकोपीट, दोन घमेली चाळलेलं कंपोस्ट, एक घमेलं तांबडी हलकी माती, एक घमेलं जाड वाळू किंवा फोडलेल्या विटांचे वाटाण्याएवढे तुकडे. वर निंबोळी पेंडीच्या दोन-तीन मुठी. वाळूऐवजी मुरूम घ्यायचा असेल तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फसफसला तर त्यात चुनखडी आहे, तो नको. आणि एमआयडीसीच्या बाजूची माती किंवा भट्टीची राख, फुकट मिळाली तरी खायच्या भाजीच्या कुंडीत घालू नका.

जीवामृताबद्दल मला नेहमी विचारतात. चांगलं आहे, पण ते विरजण आहे. मातीत कंपोस्टचं दूधच नसेल तर विरजण लावून काय उपयोग?

आता पाणी, कारण चांगली माती बिघडवण्याचं काम आपल्याकडे पाणीच करतं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त. महिनोन्‌महिने तेच पाणी घातलं की मातीचा सामू वर चढतो, लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही, आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की समजा, क्षार साठले. त्यात आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची नवी काटकसर निघाली आहे. ते पाणी फरशी पुसायला वापरा, भांडी विसळायला वापरा. पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात जातात. ते कुंडीत ओतणं म्हणजे जी मेहनत यंत्राने केली ती मातीवर उलटवणं. गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात धरलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसात कुंड्या आडोशाला न ठेवता उघड्यावर भिजू द्या, साठलेले क्षार धुऊन जातात. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी इथे काढला त्यांना कुंडीत भरपूर पाणी ओतून क्षार धुवा, असा सल्ला द्यायला जीभ रेटत नाही. म्हणून हे काम पावसावर सोपवलेलं बरं. उन्हाळ्यात पाचटाचा किंवा वाळक्या पानांचा दोन इंचांचा थर मातीवर पाहिजेच. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं. मग कुंडी टबात ठेवून खालून भिजवावी लागते.

जालन्याचं माणूस कुंडीत मोसंबी लावल्याशिवाय राहत नाही, तेव्हा तिच्याबद्दल थोडं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण ते रानातल्या मोसंबीला. कुंडीतल्या झाडाकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. कलम रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं मागा, चुनखडीच्या मातीत तो जंबेरीच्या खुंटापेक्षा जास्त तग धरतो. कलमाचा डोळा मातीच्या चांगला वर राहू द्या. डोळ्यापर्यंत ओली माती चढली की बुरशी शिरते आणि खोडातून डिंक ओघळू लागतो. कंपोस्ट दरवर्षी खाली बसतं, मग वरून भर घालताना नेमकी हीच चूक होते. या झाडासाठी मिश्रणात वाळूचं प्रमाण दुप्पट करा. शंका असेल तर माती परीक्षण करून घ्या. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे आणि बदनापूरला मोसंबीवरच काम करणारं संशोधन केंद्र आहे.

हंगाम संपल्यावर कुंडीतली माती फेकू नका. टोमॅटो, वांगं, मिरची एकाच कुळातली, त्यांचे मर रोग आणि सूत्रकृमीही सारखे. ज्या मातीत टोमॅटो होता तीत पुढच्या खेपेला मेथी, पालक किंवा गवार लावा. त्याआधी मे महिन्यात ती माती गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर वीतभर जाडीने पसरा, ओली करा आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून कडांवर विटा ठेवा. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकच. चार ते सहा आठवडे असंच राहू द्या. मग चाळून, बसलेल्या मातीच्या एक चतुर्थांश इतकं नवं कंपोस्ट मिसळून कुंड्या पुन्हा भरा.