वर्षगाठ : घरचा वाढदिवस



वाढदिवसाला आपल्या भाषेत 'वर्षगाठ' असाही एक जुना शब्द आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे 'वर्षगाँठ' हा शब्द लहानपणापासून कानावर होता. आणि हैदराबादेत राहायचे म्हणजे शेजारच्या घरातला 'सालगिरह'ही ऐकू येणारच. 'साल' म्हणजे वर्ष आणि 'गिरह' म्हणजे गाठ. म्हणजे सगळीकडे गाठच! मुलासाठी एक दोरा घरात जपून ठेवायचा आणि दरवर्षी त्याला एक गाठ मारायची, अशी ही चाल. मोगल दरबारातही ती होती. गाठी मोजल्या की वय कळले. चार रुपयांच्या रेशमी दोऱ्यात होणारी ही गोष्ट आपल्या घरी पुन्हा सुरू करायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट औक्षणाची. सकाळी तेल-उटणे लावून आंघोळ, पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. आधी आई ओवाळते, मग आजी, मग काकू-आत्या. आपल्या बोलीत 'औक्ष' म्हणजे आयुष्य, म्हणूनच वडीलधारी 'औक्षवंत हो' म्हणतात. जुन्या वर्धापन विधीत चिरंजीव मार्कंडेयाचे स्मरण करून मुलाला तीळ आणि गूळ घातलेले दूध प्यायला देत. हे आता फार थोड्या घरांत उरले आहे. गोडाला शेवयांची खीर किंवा शिरा पुरे. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे याच दिवशी परमान्नम होते. वाटीची देवाणघेवाण जरूर करावी.

आता थोडे गणित. तिथीने येणारा वाढदिवस दरवर्षी पुढेमागे का सरकतो? बारा चांद्रमासांचे वर्ष साधारण 354 दिवसांचे असते, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. ही तूट अधिक मासाने भरून निघते. 19 वर्षांत 7 अधिक मास येतात. 19 गुणिले 12 अधिक 7, म्हणजे 235 चांद्रमास. त्यांचे दिवस होतात सुमारे 6940, आणि 19 सौर वर्षांचेही जवळजवळ तेवढेच. म्हणून 19व्या, 38व्या आणि 57व्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख पुन्हा भेटतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. 2004 साली अधिक श्रावण 18 जुलैला सुरू झाला होता. 2023 सालीही तो 18 जुलैलाच सुरू झाला. दहावीच्या मुलांनी हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. तिथी आणि तारीख दोन्ही दिवस साजरे करा, असे मात्र मी सांगत नाही. घरी औक्षण तिथीला करावे आणि तारीख शाळेच्या फॉर्मसाठी ठेवावी, हे मला बरे वाटते.

पालकांशी एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. दरवर्षी काही मुले नेमकी आपल्या वाढदिवसालाच गैरहजर असतात. चिठ्ठीत ताप किंवा पोटदुखी लिहिलेली असते. नवा ड्रेस नाही, वर्गात वाटायला चॉकलेटे नाहीत, हे खरे कारण वर्गशिक्षिकांना ठाऊक असते. मागच्या बाकावरच्या मुलाने चाळीस डेअरी मिल्क वाटली की पुढच्या आठवड्यात वाढदिवस असलेल्या मुलीच्या आईला झोप लागत नाही. म्हणून या सत्रापासून वर्गात खाऊ किंवा भेटवस्तू वाटणे बंद केले आहे. ज्याचा वाढदिवस आहे त्याने गणवेशातच यावे. प्रार्थनेनंतर सगळी शाळा त्याला शुभेच्छा देईल. विश्वस्त मंडळाचीही याला संमती आहे.

आणि मुलांनो, घरातल्या आजी-आजोबांना त्यांचा वाढदिवस विचारा. पुष्कळांच्या दाखल्यावर जूनमधली तारीख सापडेल, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती अंदाजाने लिहिलेली असते. निजामाच्या काळातल्या कागदावर फसली सन असेल, तर त्यात 590 मिळवा; 1357 फसली म्हणजे 1947-48. आजी म्हणेल, पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी पाळण्यात होते, किंवा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाले. एवढे पुष्कळ आहे. पोलीस अ‍ॅक्शन सप्टेंबर 1948 मधली आणि नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीची, म्हणजे आजीची तिथी षष्ठी. यंदाच्या कालनिर्णयमध्ये ती शोधा, पाट मांडा आणि या वेळी निरांजन तुम्ही धरा. सापडलेली तिथी वहीत लिहून दिवाळीच्या सुटीआधी वर्गशिक्षकांना दाखवावी.