मोबाइलशिवाय घास नाही

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा आहे. कापूस वेचायला सून आणि मी रानात जातो, तो आजोबांजवळ मोबाइल बघत बसतो. जेवतोही मोबाइल बघतच. पायऱ्यांना अजून हात धरावा लागतो. वाढ खुंटेल का? – एक आजी, अंतरवाली सराटी (ता. अंबड)

उत्तर : आजी, पायऱ्यांना या वयात आधार लागतो, त्याची काळजी नको. काळजी बसून राहण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे या वयाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, पडदा फार तर तासभर. आजोबांना पळणं जमणार नाही, कबूल. ओसरीवर परातभर ज्वारी द्या. ओंजळीने भरेल, सांडेल, बोटांना बळ येईल. नजर मात्र हवी, पोरं दाणा नाकात घालतात. जेवताना मोबाइल लपवाच. भाकरी दुधात कुस्करून त्याच्याच हाताने खाऊ द्या. दोन-चार दिवस रडेल. भुकेलं मूल जेवतंच. वजन दर महिन्याला अंगणवाडीत करा. दोन्ही पायांनी उडी येत नसेल किंवा सारखा पडत असेल, तर बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवा. तपासणी मोफत असते.