मार्चमधला फुटबॉल

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी खेळाडूंची नोंदणी असते. माझ्या लहानपणी त्या दिवसांत शिवाजी पेठेच्या कट्ट्यांवर दुसरा विषयच नसायचा. कोण कुठल्या तालमीकडून नोंदला, कोणाला मंगळवार पेठेतून बोलावणं आलंय, कोणाच्या घरी रात्री कोण जाऊन आलं. मॅच व्हायला अजून अवकाश असायचा, पण माझे काका या बातम्यांवरूनच सांगायचे की यंदा शाहू स्टेडियमवर काय होणार. बहुतेक वेळा त्यांचं खरं व्हायचं.

२००८ साली नोकरीनिमित्त मी पेनसिल्व्हेनियातल्या एक्स्टनला आलो. जवळचं मोठं शहर फिलाडेल्फिया. इथला फुटबॉल वेगळा, चेंडू हातात घेऊन पळायचा, पण संघासाठी जीव टाकणारी माणसं अगदी आपल्या पेठेतल्यासारखी. मी फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचा झालो तो कायमचा. इथे हंगाम फेब्रुवारीत संपतो आणि मार्चच्या मध्यावर करार संपलेले खेळाडू मोकळे होतात. त्यांना फ्री एजंट म्हणतात. त्या आठवड्यात संघ मोडतो आणि नव्याने बांधला जातो. इतक्या वर्षांत त्या आठवड्यांनी मला जे शिकवलं, ते लिहून ठेवतो.

१. गेलेल्या खेळाडूला बोल लावण्याआधी संघाने काय केलं ते विचारा.

२००९ साली हा बाजार फेब्रुवारीच्या अखेरीसच उघडला आणि लगेच ब्रायन डॉकिन्स डेन्व्हरला गेला. तेरा हंगाम फिलाडेल्फियाच्या बचावाचा कणा असलेला माणूस. मला इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ऑफिसमधला माझ्या शेजारचा सहकारी त्या दिवशी जेवला नाही. मी काकांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, “आरं, पैशासाठी पेठ सोडतंय व्हय कोण?”

तेव्हा मलाही तसंच वाटलं. नंतर समजलं की डेन्व्हरने जितका भरवसा आणि जितके पैसे पुढे केले, तितके आपल्या संघाने केले नव्हते. वय झालं, असा हिशेब मांडला गेला. डॉकिन्स डेन्व्हरकडून आणखी तीन हंगाम खेळला, त्यात दोनदा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. इथे मात्र त्याची जागा भरताना संघाची वर्षानुवर्षं दमछाक झाली.

करार संपल्यावर दुसऱ्या संघात जाण्याचा हा हक्कही खेळाडूंना सहज मिळालेला नाही. फिलाडेल्फियाचाच रेजी व्हाइट अमेरिकन फुटबॉलच्या लीगविरुद्धच्या खटल्यात पुढे होता. त्या लढ्यातून १९९३ साली आजच्या स्वरूपातली मोकळीक आली आणि त्याच वर्षी व्हाइट ग्रीन बेला गेला. फिलाडेल्फियाने आपला सर्वांत मोठा बचावपटू गमावला, पण खेळाडूंना आपला मालक निवडता आला. मी त्या बाबतीत खेळाडूंच्या बाजूने आहे.

२. उन्हाळ्यातल्या जल्लोषावर विश्वास ठेवू नका.

२०११चा उन्हाळा मी विसरणार नाही. मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादामुळे लीगचं काम बंद पडलं होतं. जुलैच्या अखेरीला ते सुटलं आणि ईगल्सने आठवडाभरात बाजार लुटल्यासारखा केला. नामदी असोमुघा हा त्या वेळचा सर्वांत हवाहवासा कॉर्नरबॅक, पाच वर्षांसाठी ६ कोटी डॉलर. शिवाय जेसन बेबिन, कलन जेनकिन्स, डॉमिनिक रॉजर्स-क्रोमार्टी. राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून आलेल्या विन्स यंगने या संघाला ‘ड्रीम टीम’ म्हटलं. मी असोमुघाचा २४ नंबरचा शर्ट घेतला आणि गणपतीत मित्रांच्या घरी तोच घालून गेलो.

त्या हंगामात आठ विजय, आठ पराभव. पुढच्या वर्षी चार विजय, बारा पराभव, आणि चौदा वर्षं संघ चालवणारे प्रशिक्षक अँडी रीड गेले. २०१३च्या मार्चमध्ये असोमुघालाही सोडलं.

माणूस वाईट नव्हता. याआधी ऑकलंडच्या संघात तो मैदानाच्या एका बाजूला उभा राहून समोरच्या एकाच खेळाडूला सामनाभर बांधून ठेवायचा. त्यात त्याच्या तोडीचे फार थोडे होते. इथे त्याला कधी मध्ये, कधी मागे, कधी जागेचा पहारा करायला लावलं. बचावाची सूत्रं ज्यांच्या हाती दिली ते प्रशिक्षक आदल्या वर्षापर्यंत आक्रमणाच्या फळीला शिकवत होते. खेळाडू विकत घेतला, पण तो जे करत होता ते काम त्याच्यासाठी शिल्लक ठेवलंच नाही.

२०११च्याच एप्रिलमध्ये, या सगळ्या गाजावाजाच्या तीन महिने आधी, ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, सहाव्या फेरीत १९१व्या क्रमांकावर सिनसिनाटी विद्यापीठाचा एक सेंटर निवडला गेला होता. लोक म्हणत, अंगाने लहान आहे. जेसन केल्सी. पहिल्याच हंगामात सोळाही सामने त्याने सुरुवातीपासून खेळले, एकूण तेरा हंगाम इथेच राहिला, सहा वेळा लीगच्या सर्वोत्तम संघात आला. त्या उन्हाळ्यात मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. तेव्हापासून संघात नवा माणूस आला की मी आधी विचारतो, हा आधी कुठे उभा राहायचा आणि इथे कुठे उभा राहणार?

३. पळणारा कोण हे नंतर बघा, आधी त्याच्यापुढे कोण उभे आहेत ते बघा.

मला वाटतं या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकपुढे पाच धिप्पाड माणसं भिंतीसारखी उभी असतात. टीव्हीचा कॅमेरा त्यांच्याकडे क्वचित वळतो. समोरच्यांना ढकलून वाट मोकळी करणं हे त्यांचं काम.

२०१५ साली चिप केली यांच्या हाती प्रशिक्षणाबरोबर खेळाडू निवडण्याचीही सत्ता आली. संघाच्या इतिहासात सर्वाधिक यार्ड पळालेला लशॉन मकॉय त्यांनी बफेलोला देऊन टाकला. त्याच्या जागी आणला डीमार्को मरे. आदल्या वर्षी डॅलसकडून १,८४५ यार्ड, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये पहिला. करार पाच वर्षं, ४ कोटी डॉलर. पण ते १,८४५ यार्ड डॅलसच्या त्या भिंतीमागून आले होते, आणि इकडे केलींनी त्याच काही महिन्यांत आपल्या भिंतीतले दोन्ही अनुभवी गार्ड सोडून दिले. मरे वर्षभरात ७०२ यार्ड पळाला. हंगाम संपण्याआधी केलींना काढलं. पुढच्या मार्चमध्ये मरे टेनेसीला गेला आणि तिथे पुन्हा १,२८७ यार्ड पळाला. पाय तेच होते.

नऊ वर्षांनी हीच गोष्ट उलटी घडताना पाहिली. २०२४च्या मार्चमध्ये न्यू यॉर्क जायंट्सने सक्वॉन बार्कली याला जाऊ दिलं. आदल्या हंगामात तो ९६२ यार्ड पळाला होता. रनिंग बॅकवर कोणी पैसे लावू नयेत, असं सगळे म्हणत असताना ईगल्सचे महाव्यवस्थापक हाउई रोझमन यांनी त्याला तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख डॉलरहून थोडं अधिक दिलं. मीही शंका घेतली होती. पण या वेळी भिंत आधीच उभी होती. डावीकडे जॉर्डन मायलाटा, मूळचा ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू, ज्याने ड्राफ्टमध्ये येण्याआधी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. त्याला २०१८ साली सातव्या फेरीत घेऊन या भिंतीचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी अक्षरशः अ आ इ पासून शिकवलं. उजवीकडे लेन जॉन्सन. मध्ये केल्सीच्या निवृत्तीनंतर कॅम जर्गन्स, जो दोन वर्षं केल्सीच्याच शेजारी तयार झाला होता. बार्कली २,००५ यार्ड पळाला. लीगच्या इतिहासात एका हंगामात दोन हजारांचा टप्पा ओलांडणारा तो नववा.

बार्कली थोर आहे, यात शंका नाही. पण त्या वर्षीच्या यशात मायलाटाला शिकवण्यात गेलेली सहा वर्षं धरली नाहीत, तर हिशेब चुकतो.

४. पगाराची मर्यादा म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्या.

लीगमधल्या प्रत्येक संघाला खेळाडूंवर वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतच खर्च करता येतो. २०२४ साली ही रक्कम २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. म्हणून कोणाला किती देणार, यापेक्षा त्या पैशात दुसरं काय करता येणार नाही, हा खरा प्रश्न असतो. करारावर सही करताना दिलेला बोनस खेळाडूच्या हाती लगेच पडतो, पण हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून लिहिता येतो. आज जागा मिळते, उधारी पुढच्या वर्षांवर. खेळाडू मध्येच गेला की उरलेली उधारी अंगावर येते.

क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झच्या वेळी हे सगळ्यांनी पाहिलं. २०१९ साली त्याला मोठा करार दिला, २०२१ साली त्याला इंडियानापोलिसला धाडलं, आणि तो दुसऱ्या संघासाठी खेळत असताना ईगल्सच्या खात्यावर ३ कोटी ३८ लाख डॉलर पडले. त्या वर्षीची मर्यादा १८ कोटी २५ लाख होती. रुपयातले अठरा पैसे नसलेल्या माणसावर. कराराचा आकडा वाचून आनंद मानण्याआधी तो मोडला तर काय होईल, हे मी आता आधी शोधतो.

५. राखीव माणसावर केलेला खर्च वाया जात नाही.

निक फोल्स २०१७च्या मार्चमध्ये राखीव क्वार्टरबॅक म्हणून परत आला. त्याआधी त्याने खेळ सोडायचा विचार केला होता. त्याच्यावर एवढे पैसे कशाला, असं बरेच जण म्हणाले. १० डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये वेंट्झचा गुडघा गेला. ४ फेब्रुवारी २०१८ला मिनिआपोलिसमध्ये फोल्सने पेट्रियट्सना ४१-३३ हरवलं. फिलाडेल्फियाने जिंकलेला हा पहिला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. मिरवणुकीत ब्रॉड स्ट्रीटवर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ वडिलांचा फोटो छातीशी धरून उभे होते.

२०२० साली ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स घेतला तेव्हाही हाच ओरडा झाला. वेंट्झ असताना कशाला? त्याचं उत्तर पाच वर्षांनी न्यू ऑर्लिन्समधल्या सुपर बोलमध्ये मिळालं. तिथे सामन्याचा मानकरी हर्ट्स होता.

६. छोट्या बातम्या वाचा.

बार्कली आला त्याच आठवड्यात झॅक बॉनशी एका वर्षाचा, ३५ लाख डॉलरचा करार झाला. न्यू ऑर्लिन्समध्ये चार वर्षं तो मुख्यतः किकच्या वेळी धावायला मैदानात यायचा. ती बातमी मी उघडलीही नव्हती. नवे बचाव प्रशिक्षक विक फँजियो यांनी त्याला कडेवरून उचलून मधोमध उभं केलं, आणि तो त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम संघात गेला. त्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्स याचा पास त्याने पकडला. मेकाय बेक्टनचंही तसंच. जेट्सने ११व्या क्रमांकावर घेतलेला, गुडघ्याने दोन वर्षं खाल्लेला टॅकल. त्याला गार्ड केलं, आणि बार्कलीची भिंत पुरी झाली.

असोमुघाच्या वेळी जे राहून गेलं, ते इथे झालं. आधी जागा शोधली, मग माणूस.

७. जिंकल्यावरही निरोप द्यावा लागतो.

९ फेब्रुवारी २०२५ला त्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीवर ४०-२२ असा विजय. मिल्टन विल्यम्स आणि जॉश स्वेट यांनी मिळून महोम्सला साडेचार वेळा पाडलं. महिन्याभरात दोघेही गेले. विल्यम्सला पेट्रियट्सने चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाख दिले, स्वेट ॲरिझोनाला गेला. बेक्टनही गेला. ईगल्सने बॉनला ठेवलं, तीन वर्षांसाठी ५ कोटी १० लाखांवर. सगळ्यांना ठेवता येत नव्हतं, आणि विल्यम्सच्या घरात ते पैसे जावेत असं मला मनापासून वाटलं. २००९ साली असं वाटलं नव्हतं.

काकांना आता कमी ऐकू येतं, तरी नोंदणीच्या दिवसांत मी त्यांना फोन करतो. आपल्याकडेही तालमींत बाहेरचे खेळाडू येतात, नायजेरियाचे आले, पैसा आला, पेठेबाहेरून खेळाडू आणण्याची चढाओढ आली. मला त्याची तक्रार नाही. पण पेठेतल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. पुढच्या नोंदणीला बाहेरचा स्ट्रायकर ठरवण्याआधी आपल्याच शाळांमधली तीन बचावाची पोरं निवडा, त्यांच्या बुटांचा आणि खुराकाचा खर्च उचला, आणि त्यांना शिकवणारा एक माणूस निदान पाच वर्षं बदलू नका.