‘एक’ आणि देहधारी शब्द

ख्रिस्ती गूढवाद म्हणजे नवप्लेटोवादाला चढविलेला ख्रिस्ती अंगरखा होय, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. म्हणूनच त्याचा विचार केला पाहिजे.

प्लोटायनस (मृत्यू इ. स. २७०) ह्याच्या मते सर्व अस्तित्वाच्या मुळाशी ‘एक’ आहे. सूर्यापासून प्रकाश पसरावा तशी त्यापासून बुद्धी व बुद्धीपासून आत्मा निष्पन्न होतो. मनुष्याने अंतर्मुख होऊन, एकेक पाश सोडीत, पुन्हा त्या ‘एका’शी एकरूप व्हावे. आपल्या सहवासात गुरूंना हा अनुभव चार वेळा आला, असे त्यांचा शिष्य पॉर्फिरी लिहितो. आपण देहात आहोत ह्याची गुरूंना जणू लाज वाटे, हेही तोच नमूद करतो.

३८६ साली मिलान येथे ऑगस्टीनच्या हाती प्लेटोवाद्यांचे ग्रंथ लॅटिन भाषांतरात पडले. देव जड पदार्थ नव्हे, हे त्याला त्यांच्या साहाय्याने उमगले. ‘कन्फेशन्स’च्या सातव्या भागात तो हे ऋण मोकळेपणाने मान्य करतो. योहानाच्या शुभवर्तमानारंभी ‘शब्दा’विषयी जे आहे त्यातील पुष्कळसे त्याला तेथे आढळले, तो शब्द देहधारी झाला, हे मात्र आढळले नाही.

येथे भाषांतरकाराला थांबावे लागते. मूळ ग्रीक शब्द ‘सार्क्स’, म्हणजे मांस. आपल्या परिचयाच्या मराठी शास्त्रात ‘देही’ हा शब्द आहे. तो कानाला गोड लागतो खरा. परंतु गीतेत ‘देही’ म्हणजे देहाहून निराळा, देहात वसणारा आत्मा. प्लोटायनसला तो शब्द फारसा खटकला नसता. ‘मांस’ खटकले असते, आणि योहानाला तर तेच सांगायचे आहे!

शिवाय प्लोटायनसचा ‘एक’ कोणाचाही शोध घेत नाही. त्याला काही उणेच नाही. चढायचे ते जीवाने, तेही एकट्याने.

आता ऑस्तिया बंदरातील ३८७ सालचा प्रसंग पाहा. बागेकडे उघडणाऱ्या खिडकीशी ऑगस्टीन व त्याची आई मोनिका बोलत उभी आहेत. सृष्टी, मग स्वतःचे मन, मग त्याही पलीकडे, ही चढण प्लोटायनसचीच आहे. परंतु चढणारे दोघे आहेत, आणि त्यांपैकी एक तत्त्वज्ञानाच्या शाळेत कधीही न गेलेली विधवा आहे. पुढे पाचएक दिवसांत मोनिकेला ताप भरला आणि आजाराच्या नवव्या दिवशी, वयाच्या ५६व्या वर्षी, ती निवर्तली. ऑगस्टीनने प्रथम अश्रू आवरले. नंतर तो देवासमोर रडला, आणि ते त्याने लिहूनही ठेवले.