मोटारीच्या ब्रेक कॅलिपरवरील गंज आणि घरच्या घरी रंगकाम

कोकणपट्टीतील घरांच्या खिडक्यांचे गज, विहिरीवरील रहाटाची कडी आणि शाळेच्या फाटकाची बिजागरी यांना दर दोन-तीन वर्षांनी रंगाचा हात द्यावा लागतो, ही तेथील कुटुंबांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या, ओलसर वाऱ्यापुढे उघडे लोखंड फार काळ टिकाव धरीत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे वाहनाचा खालचा भाग जूनपासून सप्टेंबरपर्यंत क्वचितच पूर्णपणे कोरडा होतो. गावोगावच्या शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या अंगणांत आता लहान मोटारी उभ्या दिसतात. त्यांतील अनेकींना रुंद फटींची, मिश्रधातूची चाके असतात. या फटींतून आतला तांबूस, खवले पडलेला कॅलिपर दिसू लागला की मालक अस्वस्थ होतो आणि रंगाचा डबा आणून रविवारी सकाळी कामाला बसतो.

हे काम घरी करता येते. परंतु फाटकाला रंग देणे आणि ब्रेकला रंग देणे यांत मोठा फरक आहे. फाटकाचा रंग चुकला तर ते फार तर ओंगळ दिसेल. ब्रेकवर रंग चुकीच्या जागी गेला, किंवा रंगाखाली एखादा दोष झाकला गेला, तर त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. म्हणून प्रथम या यंत्रभागाचे कार्य समजून घेणे इष्ट ठरेल.

कॅलिपरचे कार्य

चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. तिच्या कडेवर एखाद्या भक्कम चिमट्याप्रमाणे बसविलेला भाग म्हणजे कॅलिपर. चालकाने पायाने पेडल दाबले की नळीतील द्रवाचा दाब कॅलिपरमधील पिस्टनला पुढे ढकलतो, पिस्टन पॅडला ढकलतो आणि दोन्ही बाजूंचे पॅड फिरत्या डिस्कला आवळून धरतात. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी अशा डिस्क ब्रेकचे एकस्व १९०२ मध्ये घेतले. तथापि त्याचा प्रभाव जगाला दिसला तो १९५३ मध्ये, जेव्हा डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वार मोटारीने फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम अशी योजना असते. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो व थांबविण्याचे बहुतांश काम पुढची चाकेच करतात, हे त्यामागील कारण होय.

ब्रेक गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. ही उष्णता किती असते, हे वर्गात सहज मांडता येईल. १,००० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे १३९ किलोज्यूल भरते. एक लिटर पाण्याचे तापमान ३३ अंशांनी वाढविण्यास ती पुरेल. हीच मोटार ६०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा जवळजवळ ५,९०० किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. एवढ्या उष्णतेने वीस लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. यांतील काही भार गिअरमध्ये ठेवलेले इंजिन व हवेचा विरोध उचलतात, उरलेला ब्रेकवर पडतो. कोकण आणि देश यांच्यामध्ये आंबा, कुंभार्ली, फोंडा असे घाट ओलांडणाऱ्या मोटारींच्या कॅलिपरला कोणता रंग चालेल आणि कोणता चालणार नाही, याचा निर्णय येथेच होतो.

गंजाचे दोन प्रकार

बहुतेक मोटारींचे कॅलिपर बिडाचे असतात. लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो. मीठ असेल तर ही क्रिया अधिक वेगाने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि सच्छिद्र असल्याने ओल धरून ठेवतो. दिल्लीच्या मेहरौली येथील सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ मात्र अजून टिकून आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक पातळ संरक्षक थर तयार झाला, असे आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी आपल्या अभ्यासातून दाखविले. बाजारात मिळणारी गंजरोधक द्रावणे फॉस्फोरिक आम्लाची असतात, त्यांचे तत्त्वही याच्याशी मिळतेजुळते आहे.

कॅलिपरच्या बाहेरच्या जाड अंगावर चढलेला तांबूस थर दिसायला वाईट असला तरी तेवढ्याने ब्रेक निकामी होत नाही. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि ते अकारण घाबरतात. घातक गंज बहुधा चटकन नजरेस न पडणाऱ्या जागी असतो. पिस्टनभोवतीचे रबरी आवरण फाटले की आत पाणी शिरते, पिस्टनवर गंज चढतो आणि तो पुढे गेला की मागे सरत नाही. ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो त्या कोरड्या पडल्या तर एकाच बाजूचा पॅड झिजतो. पॅड ज्या खाचांत बसतात तेथे गंज फुगला तर पॅडच अडकून बसतात. अशा ब्रेकची लक्षणे ठरलेली आहेत: ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते, थोड्या प्रवासानंतर एकच चाक दुसऱ्यापेक्षा अधिक तापते, जळका वास येतो किंवा इंधन अधिक लागू लागते. यांपैकी एकही लक्षण असल्यास रंगाचा डबा बाजूला ठेवून गाडी प्रथम जाणत्या मेकॅनिककडे न्यावी. दोषी कॅलिपर रंगविला तर पुढील पाहणीत तो नवाच भासेल, आणि हा धोका गंजाहून मोठा आहे.

पूर्वतयारी

गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी. शेणाने सारवलेले अंगण किंवा भुसभुशीत माती यांवर जॅक रुततो. हँडब्रेक लावावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्यावेत. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो. म्हणून मागची बाजू उचलताना त्याच्यावर मुळीच विसंबू नये. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. गाडी उचलल्यावर तिचा भार पक्क्या लोखंडी स्टँडवर घ्यावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालणे हा जिवाशी खेळ आहे. विटा किंवा दगड रचून दिलेला आधारही एकाएकी फुटू शकतो. एका वेळी एकच चाक काढावे. गाडी नुकतीच चालविलेली असल्यास ब्रेक पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे.

कॅलिपर गाडीवरून न उतरविता, आहे त्याच जागी रंगविणे घरच्या कामास योग्य होय. द्रवाची नळी घरी कदापि सोडू नये. ती सोडली की आत हवा शिरते, पेडल पोकळ लागते आणि ती हवा काढण्याचे काम सरावाच्या हातांचे आहे.

सफाई

रंगकामाचे यश तीन-चतुर्थांश सफाईवर अवलंबून असते, असे जुने रंगारी सांगतात. येथे त्याला एक अपवाद जोडावा लागेल. आपल्याकडे यंत्रभाग रॉकेलने किंवा डिझेलने धुण्याची सवय सर्वत्र आहे. इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला ते चालते, ब्रेकला चालत नाही. ब्रेकमधील रबरी भाग विशिष्ट प्रकारच्या रबराचे असतात व खनिज तेलाच्या संपर्काने ते फुगतात, मऊ पडतात. रॉकेलने धुतलेला कॅलिपर त्या दिवशी चकचकीत दिसतो. काही आठवड्यांनी पिस्टन अडकू लागतो आणि त्याचे कारण कोणाच्याच ध्यानात येत नाही. पॅडवर तेलाचा अंश राहिला तर ब्रेक घसरतो, ते निराळेच. म्हणून प्रथम साबणाचे पाणी व ब्रश वापरावा आणि शेवटी ब्रेकसाठीच विकला जाणारा क्लीनर मारावा.

चाकामागे साचलेली काळी धूळ तोंडाने फुंकू नये किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. जुन्या अथवा हलक्या प्रतीच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याचे तंतू फुप्फुसांस अपायकारक आहेत. धूळ ओल्या फडक्याने टिपावी, नाकातोंडावर चांगला मास्क असावा.

पृष्ठभाग वाळल्यावर तारेच्या ब्रशने सुटे खवले काढावेत आणि नंतर पॉलिश पेपरने घासावे. लोखंड पूर्ण पांढरे पडेपर्यंत घासण्याची आवश्यकता नाही, परंतु नखाने सुटेल असा एकही खवला राहता कामा नये. रबरी आवरणाजवळ तारेचा ब्रश नेऊ नये. खोलगट जागी राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लहान ब्रशने लावावे. ते हातमोजे घालून, डबीवरील सूचनेनुसार वापरावे.

सफाई करताना भाग नीट दिसू लागतात. रबरी आवरणाला चीर आहे काय, कोठे ओलसर डाग म्हणजे द्रवाची गळती आहे काय, आतला व बाहेरचा पॅड सारखाच झिजला आहे काय, हे याच वेळी पाहून घ्यावे. काही दोष आढळला तर काम तेथेच थांबवावे.

कोठे रंग लागू नये

पुढील जागा कागदी टेपने व जुन्या वर्तमानपत्राने काळजीपूर्वक झाकाव्यात: डिस्कचा घर्षणाचा पृष्ठभाग, पॅड, पिस्टनचे रबरी आवरण, सरकत्या पिना व त्यांची रबरे, हवा काढण्याचा लहान स्क्रू, द्रवाची नळी व तिचा सांधा. यांखेरीज एक जागा हमखास विसरली जाते. चाक ज्या सपाट चेहऱ्यावर टेकते त्या हबवर आणि चाकाच्या बोल्टांवर रंग चढता कामा नये. तेथे रंगाचा थर राहिला तर तो पुढे दाबला जातो, झिजतो, आणि घट्ट आवळलेले नट सैल पडतात.

रंगाची निवड

फाटकाचा साधा ऑइल पेंट येथे वापरू नये. घाटाच्या उष्णतेत तो काळवंडतो व सोलला जातो. सायलेन्सरचा रंग अधिक उष्णता सोसतो म्हणून काही जण तो लावतात. परंतु त्या प्रकारचे अनेक रंग चांगले तापविल्यावरच पक्के होतात. नेहमीच्या वापरात कॅलिपर तितका तापत नाही, त्यामुळे तो रंग कच्चाच राहतो. कॅलिपरसाठी म्हणून मिळणारा, उष्णता व ब्रेक ऑइल या दोन्हींना टिकणारा रंग घ्यावा. तो किती अंशांपर्यंत टिकतो हे डब्यावर पाहावे. ब्रेक ऑइल हे नावापुरतेच तेल आहे. डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचा हा द्रव ग्लायकॉल वर्गातील असून साध्या रंगाला विरघळवितो. तो कोठे सांडल्यास लगेच पाण्याने धुऊन काढावा.

घरी फवाऱ्यापेक्षा ब्रशने लावण्याचा रंग सोयीचा, कारण तो नको तेथे उडत नाही. कामासाठी पावसाळा टाळावा. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असता लोखंडावर डोळ्यांना न दिसणारी ओल असते व रंग धरत नाही. किनाऱ्यालगतच्या गावांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. तोही सकाळचे दव उडून गेल्यावर. एक जाड थर देण्याऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत आणि दोन थरांमध्ये डब्यावर सांगितलेला अवकाश ठेवावा. लाल की पिवळा हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. फिकट रंगाचा एक लाभ मात्र आहे: त्यावर पुढे गळतीचा डाग पडला तर तो लगेच दिसतो.

थिनर व रंग यांची वाफ पेट घेते आणि डोके जड करते. म्हणून काम उघड्यावर करावे, जवळ विडी किंवा चूल नसावी. उरलेला थिनर व माखलेली फडकी गटारात, ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी टाकू नयेत. डब्यात बंद करून ग्रामपंचायतीच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेत द्यावीत.

काम संपल्यावर

रंग किमान एक रात्र वाळू द्यावा. टेप काढल्यावर डिस्कवर बोट लागले असेल किंवा शिंतोडा उडाला असेल तर तो ब्रेक क्लीनरने पुसून काढावा. चाक बसवून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. गाडी खाली घेतल्यावर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने ते पक्के करावेत. इंजिन सुरू करून गाडी हलविण्यापूर्वी पेडल काही वेळा दाबून पाहावे. ते घट्ट लागले पाहिजे. पायाखाली पोकळ वाटले तर गाडी रस्त्यावर नेऊ नये. घट्ट असल्यास मोकळ्या जागी मंद गतीने चालवून दोन-तीनदा ब्रेक लावावेत आणि गाडी सरळ थांबते याची खात्री करून घ्यावी. पुढील ५० ते १०० किलोमीटरच्या प्रवासानंतर चाकांचे नट पुन्हा एकवार तपासावेत.